विरळ हवेचे ऋण

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राच्या आकाशातून अग्निरेषांचा एक जथा सरकत जाताना असंख्य लोकांनी पाहिला. कोणाला तो उल्कापात वाटला, तर कोणाला जळते विमान. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी मात्र धातूचे एक भले मोठे कडे जमिनीवर येऊन पडले आणि त्या परिसरात धातूच्या गोल टाक्याही सापडल्या. आदल्या वर्षी उडालेल्या एका चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे हे अवशेष असल्याचा निष्कर्ष जाणकारांनी काढला. कोणाला इजा झाली नाही, ही गोष्ट सुदैवाची. त्यामुळे साहजिकच चार दिवस चर्चा होऊन विषय मागे पडला.

परंतु या घटनेने उभा केलेला एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. हा निकामी टप्पा वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोवती निमूटपणे फिरत होता. त्याच्यात इंजिन चालू नव्हते आणि त्याला कोणी खाली ढकललेही नव्हते. मग तो खाली आला कसा? याचे उत्तर एका शब्दाचे आहे: हवा. जिथे हवा नाही असे सर्वसाधारणपणे समजले जाते, तिथे असलेल्या अतिविरळ हवेने हे काम केले. ही हवा उपग्रहांची शत्रू आहे आणि अवकाशाची एकमेव रखवालदारही आहे. तिचा हिशेब चुकला की काय होते आणि तिच्यावर भरवसा किती ठेवावा, हा आता केवळ शास्त्रज्ञांच्या अभ्यासिकेतला प्रश्न राहिलेला नाही. तो सार्वजनिक धोरणाचा प्रश्न झाला आहे.

हवा कोठे संपते?

पृथ्वीपासून १०० किलोमीटर उंचीवर अवकाश सुरू होते असे मानण्याचा प्रघात आहे. पण हा केवळ व्यवहाराच्या सोयीचा संकेत होय. वातावरणाला कुंपण नाही. ते वर वर विरळ होत जाते एवढेच. समुद्रसपाटीला एक घन किलोमीटर हवेचे वजन सुमारे बारा लाख टन भरते. चारशे किलोमीटर उंचीवर तेवढ्याच जागेत अवघी काही ग्रॅम हवा असते. पृथ्वीवरील कोणत्याही मापाने याला निर्वात पोकळीच म्हणावे लागेल. तथापि, उपग्रहाच्या दृष्टीने ती पोकळी नव्हे. या उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर या वेगाने धावत असतो. त्याच्या पुढच्या बाजूचा प्रत्येक चौरस मीटर दिवसाकाठी साडेसहा लाखांहून अधिक किलोमीटरची वाट कापतो आणि त्या वाटेत त्याला एकूण दोन-एक ग्रॅम हवा आडवी येते. दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर. पण ही चिमूट बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगाने, दिवसामागून दिवस आणि वर्षामागून वर्ष अंगावर आदळत राहते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे उलट्या दिशेने खरी ठरते. थेंबाथेंबाने उपग्रहाची उंची आटत जाते.

या आटण्याची रीतही मोठी विलक्षण आहे. रोध झाला म्हणजे वेग कमी होतो, हा रोजच्या अनुभवाचा नियम. उपग्रहाच्या बाबतीत मात्र उलट घडते: हवेने अडविलेला उपग्रह अधिक वेगाने धावू लागतो. यात निसर्गनियमाचा भंग नाही. उपग्रह थोडा खाली घसरला की उंचीमुळे त्याच्याजवळ साठलेली ऊर्जा मोकळी होते. तिच्यातील अर्धा वाटा हवेच्या रोधात, उष्णतेच्या रूपाने, खर्ची पडतो आणि उरलेला अर्धा वेगात भर घालतो. चारशे किलोमीटरवर सेकंदाला ७.६७ किलोमीटर असलेला वेग दोनशे किलोमीटरवर ७.७९ पर्यंत चढतो. विझण्यापूर्वी दिवा मोठा होतो, तसाच हा प्रकार. भांडवल खाऊन थाट वाढविणाऱ्या घराण्याचा शेवट जसा ठरलेला असतो, तसाच या उपग्रहाचाही. खाली यावे तशी हवा दाट, हवा दाट तसा रोध अधिक, आणि रोध अधिक तशी घसरण वेगवान. शेवटचे शे-दीडशे किलोमीटर तो काही दिवसांत, तर कधी काही तासांत उतरतो.

कक्षा वर्तुळाकार नसून लांबट असेल, तर उपग्रह प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळच्या टोकाशी, म्हणजे उपभूपाशी, तेवढा हवेत शिरतो आणि थोडा वेग गमावून बाहेर पडतो. या प्रत्येक डुबकीचा परिणाम दूरच्या टोकावर दिसतो. ते दूरचे टोक, अपभू, फेरीगणिक जवळ येत जाते, कक्षा हळूहळू गोल होते आणि मग सगळा प्रवासच हवेतून होऊ लागला की अखेर दूर नसते. रोध किती होणार हे हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर तर अवलंबून आहेच, पण उपग्रहाच्या आकारमानाचे त्याच्या वजनाशी असलेले प्रमाणही तितकेच महत्त्वाचे असते. जड, आटोपशीर गोळा दीर्घकाळ टिकतो. पंख पसरलेला हलका उपग्रह लवकर खाली येतो.

भारताच्या अवकाश कार्यक्रमाच्या आरंभीचीच तीन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेलेला ३६० किलो वजनाचा ‘आर्यभट’ वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे काही दिवसांतच आपले प्रयोग थांबवून बसला. परंतु साडेपाचशे ते सहाशे किलोमीटरच्या आसपास फिरणारा त्याचा देह पृथ्वीच्या वातावरणात परतला तो थेट फेब्रुवारी १९९२ मध्ये. सेवा काही दिवसांची आणि मुक्काम जवळजवळ सतरा वर्षांचा! उलट, १८ जुलै १९८० रोजी भारताने स्वतःच्या अग्निबाणाने सोडलेला ‘रोहिणी’ उपग्रह उपभूपाशी सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत खाली येत असल्यामुळे दहा महिन्यांत जळून गेला. त्यानंतरचा रोहिणी, ३१ मे १९८१ रोजी उडालेला, अपेक्षित उंची गाठू शकला नाही. उपभू दोनशे किलोमीटरच्याही खाली राहिले आणि अवघ्या नऊ दिवसांत त्याचा अवतार संपला. सतरा वर्षे, दहा महिने आणि नऊ दिवस: हा फरक प्रामुख्याने उंचीने घडविला.

सूर्याची लहर

उंचीवरून आयुष्य इतके नेमके ठरत असते, तर उपग्रहांच्या परतीची वेळापत्रके पंचांगासारखी छापून ठेवता आली असती. तसे होत नाही, कारण ही वरची हवा सूर्याच्या लहरीवर चालते. सूर्याच्या जंबुपार, म्हणजे अतिनील, किरणांतील सर्वांत प्रखर भाग याच थरात शोषला जातो. सूर्य सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने शांत आणि प्रक्षुब्ध होत असतो. तो प्रक्षुब्ध झाला की ही हवा तापते, फुगते आणि तिचे खालचे दाट थर वर सरकतात. चारशे किलोमीटर उंचीवरील हवेची घनता सूर्याच्या शांत आणि प्रक्षुब्ध अवस्थांमध्ये सुमारे दहापटीने बदलू शकते. त्यातच सूर्यावरून फेकलेला विद्युत्भारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळून भूचुंबकीय वादळ उठले, तर काही तासांत या हवेचा नूर पालटतो.

गंमत अशी की हे सारे ज्ञान माणसाला उपग्रहांच्या घसरणीनेच दिले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेला पहिला स्पुतनिक तीन महिन्यांत, ४ जानेवारी १९५८ रोजी, खाली आला. त्याच्या आणि त्याच्यामागून गेलेल्या उपग्रहांच्या कक्षा कशा आकसत गेल्या हे मोजून इंग्लंडमध्ये डेस्मंड किंग-हेली यांनी आणि अमेरिकेत लुइजी याकिया यांनी वरच्या हवेच्या घनतेची गणिते मांडली. ती घनता पूर्वीच्या कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक निघाली. या जगड्व्याळ मोजणीत नैनीतालच्या वेधशाळेतील कॅमेराही सहभागी होता, हे येथे नमूद करावयास हवे. जिथे कोणतेही विमान वा फुगा पोहोचू शकत नव्हता, तिथली हवा मरणाऱ्या उपग्रहांनी मोजून दिली.

स्कायलॅबचा धडा

ज्ञान मिळाले म्हणजे शहाणपण येतेच असे नाही. स्कायलॅबची कथा हेच सांगते. सुमारे ७७ टन वजनाचे हे अमेरिकी अवकाशस्थानक १४ मे १९७३ रोजी सोडण्यात आले. अंतराळवीरांची तिसरी आणि अखेरची तुकडी फेब्रुवारी १९७४ मध्ये परतली. स्थानक १९८० नंतरही वर राहील, तोवर नवे अवकाशयान ‘शटल’ तयार होईल आणि ते स्कायलॅबला ढकलून वरच्या कक्षेत नेऊन ठेवील, असा हिशेब होता. दोन्ही बाजूंनी तो फसला. शटलला उशीर होत गेला, त्याचे पहिले उड्डाण १९८१ च्या एप्रिलमध्ये झाले. आणि इकडे सूर्य अपेक्षेहून अधिक प्रक्षुब्ध झाला. हवा फुगली आणि स्कायलॅब खाली येऊ लागले. त्याला स्वतःला वर चढविण्याचे वा हव्या त्या ठिकाणी उतरविण्याचे पुरेसे साधन त्याच्याजवळ ठेवलेलेच नव्हते. अंग कधी आडवे, कधी उभे करून हवेचा रोध कमीजास्त करणे एवढेच नियंत्रकांच्या हाती उरले होते.

१९७९ चा तो जुलै ज्यांना आठवत असेल, त्यांना भारतभर पसरलेली धास्तीही आठवेल. दिल्लीत मोरारजी देसाई यांचे सरकार डळमळत होते आणि गावोगावच्या पारांवर मात्र सरकार आधी पडते की स्कायलॅब, यावर पैजा लागाव्यात अशी स्थिती होती. स्कायलॅब ११ जुलैला पडले. पंतप्रधानांनी राजीनामा दिला तो १५ तारखेला. हिंदी महासागर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाचा विरळ वस्तीचा मुलूख यांवर अवशेष विखुरले. एस्परन्स नावाच्या तेथील एका लहान नगराच्या स्थानिक प्रशासनाने सार्वजनिक जागी कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या अवकाश संस्थेला ४०० डॉलरचा दंड लावला. दंड विनोदाने लावला होता हे खरे, पण त्यातला न्याय विनोदी नव्हता. ज्याने वस्तू वर टाकली, त्याने ती खाली कशी येणार याचाही विचार करावयास हवा, हे तत्त्व त्या ४०० डॉलरमध्ये होते.

त्याच्या आदल्याच वर्षी, २४ जानेवारी १९७८ रोजी, अणुभट्टी वाहणारा सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडाच्या उत्तर भागात कोसळून किरणोत्सर्गी अवशेष पसरले होते. उपग्रहाने जमिनीवर केलेल्या नुकसानीस तो सोडणारे राष्ट्र सर्वस्वी जबाबदार राहील, असा आंतरराष्ट्रीय करार १९७२ साली झालेला असल्यामुळे कॅनडाने भरपाई मागितली. १९८१ साली सोव्हिएत संघाने तीस लाख कॅनेडियन डॉलर देऊन प्रकरण मिटविले. म्हणजे कायदा होता. पण तो अपघातानंतरचा कायदा होता. अपघात होऊ नये म्हणून उंची, इंधन आणि परतीची वाट यांविषयी कोणाला काही बंधन असावे, ही कल्पना रुजायला पुढे बराच काळ जावा लागला.

आणि चार दशकांनंतरही हिशेब चुकण्याचे थांबलेले नाही. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकेतील एका खाजगी कंपनीने ‘स्टारलिंक’ या दळणवळण जाळ्याचे ४९ उपग्रह सोडले. आधी सुमारे २१० किलोमीटरवर त्यांना उतरवून, तपासणी करून मग वर चढविण्याची तिची पद्धत होती. नेमके त्याच सुमारास एक भूचुंबकीय वादळ आले. ते काही मोठे वादळ नव्हते. अशी वादळे वर्षातून अनेकदा येतात. पण तेवढ्यानेही त्या उंचीवरील रोध पूर्वीच्या उड्डाणांच्या मानाने निम्म्याने वाढला आणि ३८ उपग्रह वर चढण्यापूर्वीच जळून गेले. मे २०२४ मध्ये तर गेल्या दोन दशकांतील सर्वांत तीव्र वादळ आले. त्या दोन दिवसांत खालच्या कक्षांतील उपग्रहांची उंची नेहमीच्या मानाने कितीतरी वेगाने घटली आणि हजारो उपग्रहांना एकाच वेळी आपापली जागा सावरावी लागली. अशा वेळी खरी भीती पडण्याची नसते, ती गर्दीत चुकामूक होण्याची असते. कोण कोठे आहे याची सर्व गणिते रोधाच्या अंदाजावर उभी असतात. अंदाज बिघडला की दोन उपग्रह एकमेकांच्या वाटेत आहेत की नाहीत, हेच सांगता येत नाही.

फुकटचा सफाई कामगार

येथवर हवेची बाजू उपद्रवाची दिसली. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. आज पृथ्वीभोवती दहा हजारांहून अधिक चालू उपग्रह आहेत आणि नजर ठेवता येतील एवढ्या आकाराच्या एकूण वस्तू तीस हजारांहून अधिक आहेत. त्याहून लहान तुकड्यांची तर गणतीच नाही. सुपारीएवढा तुकडाही या वेगाने आदळला तर चालत्या उपग्रहाचा चुराडा करू शकतो. हा कचरा उचलणारी कोणतीही नगरपालिका तेथे नाही. जी काही झाडलोट होते ती ही विरळ हवा करते, आणि तीही फक्त खालच्या मजल्यांवर. सहाशे किलोमीटरच्या खाली सोडून दिलेली वस्तू साधारणपणे काही वर्षांत परत येते. आठशे किलोमीटरवर हा काळ शतकांत मोजावा लागतो. हजार किलोमीटरच्या वर तो हजार वर्षांच्याही पलीकडे जातो. म्हणजे दीड-दोनशे किलोमीटरच्या फरकाने एकाच कृतीचे परिणाम एका पिढीपुरते राहतात किंवा पंचवीस पिढ्यांच्या माथी बसतात.

दोन घटना शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट होते. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने आपला एक जुना हवामान उपग्रह सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला. तीन हजारांहून अधिक नोंदण्याजोगे तुकडे झाले. त्यांतील बहुसंख्य तुकडे अनेक वर्षे उलटूनही तेथेच फिरत राहिले आहेत. २७ मार्च २०१९ रोजी भारतानेही अशीच चाचणी केली. लक्ष्य मात्र तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर असलेला उपग्रह निवडला, तुकडे हवेने लवकर ओढून घ्यावेत म्हणून. ही निवड विवेकाची होती, यात शंका नाही. पण ते सारे तुकडे काही आठवड्यांत नाहीसे होतील हा अंदाज पुरता खरा ठरला नाही. स्फोटाने काही तुकडे बऱ्याच वरच्या कक्षांत भिरकावले गेले आणि त्यांतील काही वर्षाहून अधिक काळ टिकले. या दोन्ही चाचण्यांची तुलना केल्यास भारताचे वर्तन निःसंशय उजवे ठरते. तथापि, हवेवर भार टाकताना तिच्या सहनशीलतेचा अंदाज उदारपणे धरू नये, हा धडा भारतालाही त्यातून घ्यावा लागतो.

शिवाय हा सफाई कामगार फुकटचा असला तरी त्याने झाडलेला कचरा नाहीसा होत नाही. उपग्रह जळतो म्हणजे त्याच्यातील ॲल्युमिनियम आणि इतर धातू सूक्ष्म कणांच्या रूपाने वातावरणात पसरतात. उंच हवेतील गंधकाम्लाच्या कणांचे नमुने तपासले असता त्यांतील सुमारे दहा टक्के कणांत अवकाशयानांतील धातू आढळल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. उपग्रहांची संख्या अनेक पटींनी वाढेल तेव्हा या धुळीचे ओझोनवर आणि हवामानावर काय परिणाम होतील, हा प्रश्न त्यामुळे गांभीर्याने घ्यावा लागणार आहे.

सगळ्यांत विचित्र गोष्ट पुढेच आहे. जमिनीवर धुराडी आणि मोटारी जो कर्बद्विवायू सोडतात, तो खालच्या हवेत घोंगडीसारखे काम करून उष्णता कोंडतो. पण अतिउंच, विरळ थरांत तोच वायू उष्णता अवकाशात उधळून देतो. म्हणजे खाली तो ऊब देणारा आणि वर थंडावा देणारा. त्यामुळे पृथ्वी तापत असताना वरची हवा थंड होत आहे, आकसत आहे आणि उपग्रहांच्या उंचीवर ती अधिकाधिक विरळ होत आहे. हे भाकीत १९८९ साली शास्त्रज्ञांनी केले होते आणि उपग्रहांच्या अनेक दशकांच्या नोंदींनी त्याला पुष्टी दिली. वरवर पाहता उपग्रहधारकांना ही शुभवार्ता वाटेल: रोध कमी, इंधनाची बचत, आयुष्य दीर्घ. पण रोध कमी होणे म्हणजे झाडलोट मंदावणे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार कर्बवायूंचे उत्सर्जन बेसुमार राहिले, तर या शतकाअखेर दोनशे ते हजार किलोमीटरच्या पट्ट्याची उपग्रह सुरक्षितपणे सामावून घेण्याची क्षमता निम्म्याहून अधिक घटू शकते. कारखान्याच्या धुराड्याचा आणि आकाशातील कचऱ्याचा संबंध इतका थेट असेल, असे पन्नास वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

भारताची जबाबदारी

हवा हे समाईक गायरान आहे. त्याच्यावर कोणाची मालकी नाही, आणि म्हणूनच प्रत्येकाला आपले गुरे त्यात मोकळी सोडावीशी वाटतात. गायरानाचा नाश कसा होतो हे महाराष्ट्रातील गावांना सांगावयास नको. त्यावर उपाय दोनच: प्रत्येकाने आपली मर्यादा स्वतःहून पाळणे आणि ती न पाळणाऱ्यास पाळावयास लावणे.

पहिल्या उपायाच्या बाबतीत भारतीय अवकाश संशोधन संस्थेची अलीकडील कामगिरी उल्लेखनीय आहे. जानेवारी २००७ मध्ये सोडलेला ‘कार्टोसॅट-२’ हा ६८० किलोचा उपग्रह ६३५ किलोमीटरवर होता. तो तसाच सोडला असता तर हवेने त्याला खाली आणायला सुमारे तीस वर्षे लागली असती. शास्त्रज्ञांनी २०२० च्या आरंभी त्याच्यातील उरलेले इंधन वापरून कक्षेचे खालचे टोक ३८० किलोमीटरवर आणले. उरलेले काम हवेने केले आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी हिंदी महासागरावर तो नाहीसा झाला. ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा सुमारे हजार किलोचा उपग्रह तर साडेआठशे किलोमीटरच्याही वर होता. त्याला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला असता. अशा नियंत्रित अवतरणासाठी तो बांधलेलाही नव्हता. तरीही सुमारे सव्वाशे किलो इंधन शिल्लक होते. त्याच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने खाली आणून ७ मार्च २०२३ रोजी तो निर्मनुष्य प्रशांत महासागरावर उतरविण्यात आला. १ जानेवारी २०२४ रोजी उडालेल्या ध्रुवीय अग्निबाणाचा अखेरचा टप्पाही ६५० वरून ३५० किलोमीटरवर आणण्यात आला आणि त्याच वर्षी २१ मार्चला तो जळून गेला. २०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्पही संस्थेने जाहीर केला आहे. वरच्या टप्प्याला थोडे अधिक इंधन देऊन खाली आणणे शक्य असते, हे भारताने करून दाखविले आहे. लाडबोरीच्या शेतशिवारात जे पडले त्याची उघडी परत वाट इतर राष्ट्रांनीही आखावी, असे सांगण्याचा नैतिक अधिकार त्यातून प्राप्त होतो.

दुसरा उपाय मात्र अजून अपुरा आहे. मोहीम संपल्यावर पंचवीस वर्षांच्या आत वस्तू खाली यावी, हा अनेक वर्षे रूढ असलेला आंतरराष्ट्रीय दंडक केवळ मार्गदर्शनाच्या स्वरूपाचा आहे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०२२ साली तो काळ आपल्या परवानाधारकांपुरता पाच वर्षांवर आणला. भारतात अवकाश व्यवसायाचे दरवाजे खाजगी उद्योगांना खुले झाले आहेत. अवकाशविषयक विधेयकाचा मसुदा २०१७ साली प्रसिद्ध झाला होता. सहा वर्षांनी आले ते धोरण, कायदा नव्हे. सरकारी संस्था सद्सद्विवेकाने वागते म्हणून नफ्यासाठी उतरलेला प्रत्येक उद्योग तसाच वागेल, असे गृहीत धरणे भाबडेपणाचे होईल. परतीसाठी राखून ठेवलेले इंधन म्हणजे सेवेतून वजा झालेले महिने आणि उत्पन्नातून वजा झालेला पैसा. कायद्याची सक्ती असल्याशिवाय ते कोण राखून ठेवील?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. कडक नियमांचा बोजा बड्या कंपन्यांना झेपेल, पण लहान देश, विद्यापीठे आणि विद्यार्थी यांचे काय? पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ आणि मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा दहा किलोचा ‘प्रथम’ हे दोन्ही उपग्रह २०१६ साली भारतीय अग्निबाणातून गेले. असल्या चिमुकल्या उपग्रहांत इंजिन बसविण्याइतकी जागाही नसते आणि पैसाही नसतो. मुख्य प्रवासी जिथे उतरेल तिथेच, किंवा त्याच्या वाटेवर, त्यांनाही उतरावे लागते. ‘स्वयम्’ला कक्षा मिळाली सुमारे पाचशे किलोमीटरची, ‘प्रथम’ला सुमारे पावणेसातशेची. त्यांच्या परतीचा काळ त्याच दिवशी, त्या उंचीनेच, ठरून गेला.

परंतु या आक्षेपाचे उत्तरही त्यातच दडलेले आहे. ज्याच्याजवळ इंजिन नाही त्याला खालच्या कक्षेत जागा द्यावी. तेथे विरळ हवा त्याचे काम विनामूल्य करील. ज्याला वरचीच कक्षा हवी असेल त्याने परतीचे साधन बरोबर न्यावे: इंधन, नाही तर मोहिमेच्या अखेरीस उघडून रोध वाढविणारे पातळ पत्र्याचे शीड. म्हणजे नियम सर्वांना सारखा नको, उंचीप्रमाणे चढता हवा. उंच इमारतीला अग्निशमनाची अधिक साधने ठेवण्याची सक्ती असते आणि बैठ्या घराला नसते, त्याच न्यायाने. अशा नियमाने विद्यार्थ्यांची वाट अडणार नाही आणि बड्यांना पळवाटही सापडणार नाही.

याच्या जोडीला वरच्या हवेचे आणि सूर्याचे निरीक्षण अखंड व्हावयास हवे. सप्टेंबर २०२३ मध्ये उडालेल्या ‘आदित्य-एल१’मुळे सूर्याकडे पाहणारा स्वतःचा डोळा भारताला मिळाला आहे. पण त्या डोळ्याने पाहिलेले वादळ चारशे किलोमीटरवरील हवेला किती फुगवील, हे आगाऊ सांगणारी गणिते अद्याप ढोबळ आहेत. हे काम चमकदार नाही. त्याच्या यशाला टाळ्या पडत नाहीत. अग्निबाण उडताना पाहायला लोक जमतात, कक्षा मोजणाऱ्यांच्या खोलीत कोणी डोकावत नाही. तरीही उपग्रह सुरक्षित राहतात ते या दुसऱ्या खोलीतील कष्टांमुळे, याचे भान विद्यापीठांना आणि अनुदान देणाऱ्यांना ठेवावे लागेल.

वर टाकलेली प्रत्येक वस्तू कधी तरी खाली येणारच, असे म्हणून निश्चिंत होणे आता परवडणारे नाही. काही वस्तू फार लवकर येतात, काही भलतीकडे येतात, आणि काही इतक्या उशिरा येतात की त्यांचे भोग ज्यांना भोगावे लागतील ती माणसे अजून जन्मलेलीही नाहीत. घन किलोमीटरला मोजके ग्रॅम भरणाऱ्या हवेने गेली साठ-सत्तर वर्षे माणसाची उधळपट्टी सांभाळून घेतली. या उधारीचा हिशेब हवा स्वतः मागणार नाही. तो माणसानेच मांडावयाचा आहे, आणि उपग्रह जमिनीवर असतानाच मांडावयाचा आहे.